पानातील नागअळी कशी ओळखावी

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाघोली-लोणीकंद मागे टाकून भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुक्यातील मौजे कोरेगाव भीमा लागते. पेरणे बाजूच्या जयस्तंभामुळे आणि १ जानेवारी १८१८ च्या लढाईमुळे या गावाचे नाव सर्वतोमुखी झाले असले, आणि सणसवाडी-शिक्रापूरच्या बाजूने कारखान्यांची रांग अलीकडे पुष्कळच पुढे सरकली असली, तरी नदीकाठच्या काळ्या जमिनीत विहिरीच्या आणि बंधाऱ्याच्या पाण्यावर, गुलटेकडीच्या बाजारभावाकडे एक डोळा ठेवून भाजीपाला आणि फुले पिकविणारा शेतकरी येथून तो भीमेच्या प्रवाहाबरोबर खाली दौंड तालुक्यापर्यंत अद्याप आपला धंदा टिकवून आहे. दिवाळीची थंडी ओसरून उन्हाचा चटका जाणवू लागला की या पट्ट्यातील टोमॅटो, काकडी, घेवडा, मेथी, झेंडू, शेवंती अशा नाना पिकांच्या पानांवर पांढुरक्या, वेड्यावाकड्या रेषा उमटू लागतात. आणि मग असे एखादे पान खिशात घालून माणूस कृषिसेवा केंद्राच्या फळीवर ठेवतो आणि विचारतो, यावर काय मारू?

हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याच्या आधी विचारावयाचा एक प्रश्न राहून जातो, तो म्हणजे या रेषा काढल्या कोणी. एकसारख्या दिसणाऱ्या रेषांच्या मागे कधी माशीची अळी असते, कधी पतंगाची. माशीचीही कधी एका जातीची, कधी दुसरीच. आणि ज्या उपायाने एकीचा बंदोबस्त होतो त्याचा दुसरीवर काडीमात्र परिणाम होत नाही, असा अनुभव शिवारात नित्य येत असतो. ओळख पटविण्याचे काम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाचे, असे समजून सामान्य शेतकरी किंवा हौशी बागकाम करणारा गृहस्थ त्यापासून दूर राहतो. वस्तुतः या कामाचा बराच मोठा भाग एक साधे भिंग, एक रिकामी बरणी आणि थोडा धीर एवढ्या भांडवलावर कोणालाही बांधावर बसून करता येण्याजोगा आहे. ते कसे करावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम या प्राण्याची कुळकथा. पानाच्या वरच्या आणि खालच्या त्वचेच्या दरम्यान जो हिरवा गर असतो तो खात खात भुयार काढीत जाणाऱ्या अळीला आपल्याकडे नागअळी म्हणतात. तिच्यापैकी माशीवर्गातील बहुसंख्य जाती ॲग्रोमायझिडी नावाच्या एकाच घराण्यात मोडतात. जगभर या घराण्याच्या तीन हजारांच्या आसपास जाती ज्ञात आहेत, आणि त्यांतील सगळ्याच काही पानांवर उपजीविका करीत नाहीत. सोयाबीनचे खोड आतून पोखरणारी खोडमाशी आणि तुरीच्या शेंगेत दाण्यावर डल्ला मारणारी शेंगमाशी या दोघी याच घराण्यातल्या, म्हणजे आपल्या नागअळीच्या चुलत बहिणीच होत. सर्वांची मूळ खोड एकच: मादीने वनस्पतीच्या जिवंत भागात अंडे घालावयाचे, आणि पिलाने उघड्यावर न येता आतल्या आत वाढावयाचे.

युरोपात कुरणांतून आणि रस्त्यांच्या कडेने उगवणारे बटरकप नावाचे पिवळ्या फुलांचे जे झाड आहे, आणि इंग्रजी क्रमिक पुस्तकांमुळे ज्याचे नाव आपल्याकडे न पाहताच परिचित झाले आहे, त्याच्या पानांतही अशीच भुयारे आढळतात. ती काढणाऱ्या माशांपैकी फायटोमायझा रॅननक्युलाय ही जात श्रांक नावाच्या जर्मन पंडिताने १८०३ साली वर्णिली. या वनस्पतीचे गोत्र आपल्यालाही अगदीच परके नाही. सह्याद्रीतली मोरवेल आणि निळवंती ही त्याच कुळातली. बटरकपवरील माशीचे प्रकरण मी येथे काढतो ते त्यातून ओळखीची एक पद्धत शिकण्यासारखी आहे म्हणून. या माशीचे प्रौढ रूप कधी पिवळट तर कधी काळपट, इतके बदलते असते की केवळ रंगावर विसंबणारा मनुष्य एकाच जातीच्या दोन-तीन जाती करून बसेल. म्हणून तेथील अभ्यासक माशीला हात लावण्यापूर्वी झाडाचे नाव लिहितात, मग भुयाराचा आकार पाहतात, मग अळीची विष्ठा भुयारात कशी पडली आहे ते पाहतात, मग कोष पानात आहे की पानाबाहेर त्याचा तपास करतात, आणि सर्वांच्या शेवटी माशीकडे वळतात. एरिख मार्टिन हेरिंग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने याच मार्गाने आयुष्यभर पानांतली भुयारे वाचली, आणि १९५१ साली त्यांच्या जीवशास्त्रावर एक बृहद्ग्रंथ सिद्ध केला. पान हेच त्याचे दप्तर होते म्हटले तरी चालेल.

आपल्या भागात मात्र या पद्धतीतली पहिली पायरी थोडी डळमळीत आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. युरोपातील अनेक भुयारी माशा एकाच किंवा अगदी निकटच्या वनस्पतींवर जगतात, त्यामुळे झाडाचे नाव कळले की संशयितांची यादी चार-दोन नावांवर येते. भीमाकाठच्या भाजीपाल्यावर आज ज्या माशीचे राज्य आहे ती लिरिओमायझा ट्रायफोली ही या बाबतीत अगदी निर्बंध आहे. मूळची अमेरिका खंडातली ही माशी शेवंतीच्या रोपांच्या आणि छाटांच्या व्यापाराबरोबर देशोदेशी पसरली. आपल्या देशात तिची नोंद १९९०-९१ च्या सुमारास हैदराबादच्या बाजूला एरंडीवर झाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत टोमॅटो, भेंडी, वेलवर्गीय भाज्या, कडधान्ये, कापूस, झेंडू, जरबेरा अशा कितीतरी पिकांवर तिने आपला अंमल बसविला. तेव्हा काकडीवर दिसली म्हणून ती काकडीची माशी आणि झेंडूवर दिसली म्हणून ती झेंडूची, असे समजण्यात अर्थ नाही; दोन्हीकडे एकच असू शकते, आणि बांधावरच्या तणावर वाढलेली पिढी पुढल्या पंधरवड्यात आपल्या पिकात उतरू शकते. झाडाची साक्ष येथे घ्यावी जरूर, पण तिच्यावर निकाल देऊ नये.

म्हणून पानाकडेच वळू. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ऊन तिरपे असताना, रेषा उमटलेले पान देठासकट खुडून घ्यावे आणि सूर्याकडे धरून खालच्या बाजूने पाहावे. भुयार असेल तेथे प्रकाश आरपार येतो आणि त्या उजळ वाटेत सगळा इतिहास लिहिलेला सापडतो. आरंभीचे टोक सुताएवढे बारीक असते. पुढे ते टप्प्याटप्प्याने रुंदावत जाते, कारण अळी मधून मधून कात टाकते आणि प्रत्येक कात टाकल्यावर तिचे अंग आणि तोंड दोन्ही मोठे होतात. भुयाराच्या कडेने काळसर ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात, ती अळीची विष्ठा. ट्रायफोलीच्या भुयारात ही रेघ एकदा डाव्या कडेला, एकदा उजव्या कडेला अशी आलटून पालटून पडलेली आढळते. भुयाराच्या रुंद टोकाशी पिवळसर किंवा नारिंगी झाक असलेला, लांबीने फार तर तीन मिलिमीटर भरेल असा एक जीव हलत असेल, तर अळी अजून आत आहे असे समजावे. रुंद टोक रिकामे असेल तर तेथे नखाने काढल्यासारखी अर्धचंद्राकृती चीर आहे का, ते भिंगाने पाहावे. चीर असल्यास बिऱ्हाड खाली करून अळी निघून गेलेली आहे, आणि त्या पानावर आता कितीही औषध मारले तरी ते रिकाम्या घरावर मोर्चा नेल्यासारखे होईल. शेतात सर्वांत नजरेत भरणारी पाने बहुधा अशीच, सोडून दिलेली असतात, ही गोष्ट फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी ज्याने त्याने तपासून पाहावी.

सगळ्याच पांढऱ्या खुणा भुयारे नसतात, हेही येथेच सांगून टाकतो. भुरी रोगाची पांढरी पूड बोटाने पुसली की निघते. फुलकिड्यांनी खरवडलेल्या पानावर चंदेरी चट्टे उठतात, पण त्यांना आत पोकळी नसते. मोझेकसारख्या विषाणुरोगात हिरव्या-पिवळ्या रंगांची सरमिसळ होते. तिला आरंभ नसतो आणि शेवटही नसतो. भुयाराला मात्र एक सुरुवात, एक दिशा आणि एक शेवट असतो, आणि नखाने हलकेच खरवडले तर वरची पातळ त्वचा पापुद्र्यासारखी सुटून येते. भुयारांबरोबर पानावर, विशेषतः शेंड्याकडे आणि कडेकडे, सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसले तर माशीचा संशय बळावतो. मादी आपल्या पोटाच्या टोकाला असलेल्या धारदार नलिकेने पानाला बारीक छिद्रे पाडते आणि त्यांतून पाझरणारा रस चाखते. त्यांपैकी काही थोड्याच छिद्रांत ती अंडे घालते. नराजवळ असे हत्यार नसल्यामुळे तो बापडा मादीने पाडलेल्या छिद्रांवरच आपली गुजराण करतो. कोवळ्या रोपांवर हे ठिपके भुयारांच्या आधी तीन-चार दिवस उमटतात, म्हणून रोपवाटिकेतून ट्रे उचलण्यापूर्वी बीजदले आणि पहिली दोन पाने भिंगाखालून घालणे हा फुकटातला शहाणपणा आहे.

यापुढची पायरी अशी की अळीला पाय आहेत की नाहीत ते पाहावे. सुईच्या टोकाने भुयाराची त्वचा फाडून अळी बाहेर काढावी आणि तळहातावर किंवा काळ्या कागदावर ठेवावी. माशीची अळी असेल तर तिला पाय मुळीच नसतात आणि वेगळे असे डोकेही नसते; अंग पुढे निमुळते होत जाते आणि त्या टोकाला त्वचेतून दोन काळे आकडे चमकताना दिसतात. तेच तिचे जबड्याचे काम करतात, आणि पान उजेडात धरले असताना ते डावी-उजवीकडे विळ्यासारखे फिरताना ज्याने एकदा पाहिले तो ते सहसा विसरत नाही. पतंगाची अळी असेल तर तपकिरी किंवा काळे, टणक, स्वतंत्र डोके दिसते, आणि बहुतेक जातींत छातीखाली पायांच्या जोड्याही दिसतात. हा एक भेद ज्याला करता आला त्याचे निम्मे काम झाले.

टोमॅटोच्या बाबतीत हा भेद करण्याची निकड गेल्या दहा-बारा वर्षांत फारच वाढली आहे. दक्षिण अमेरिकेतली ट्यूटा अब्सोल्यूटा नावाची पतंगाची जात २००६ साली स्पेनमध्ये उतरली, तेथून भूमध्य समुद्राभोवतालचे देश पादाक्रांत करीत पूर्वेकडे सरकली आणि २०१४ साली भारतात प्रथम सापडली ती आपल्याच पुणे परिसरातल्या टोमॅटोवर. तिचे भुयार आरंभी नागमोडी असले तरी लवकरच पसरट होते, पानाचा मोठा भाग पारदर्शक कागदासारखा दिसू लागतो आणि पुढे वाळून तपकिरी पडतो. अळी हिरवट असते, मोठेपणी तिच्या अंगावर गुलाबी झाक येते, आणि डोक्यामागे काळी पट्टी असते. माशीच्या अळीचा सारा जन्म बहुधा एकाच पानात सरतो. ट्यूटाची अळी मात्र एक भुयार सोडून दुसरे धरते, शेंड्यात शिरते आणि फळाच्या देठाजवळ टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडून आत जाते. तेव्हा पानावर पसरट चट्टे आणि फळावर बारीक भोके असा दुहेरी पुरावा मिळाला तर माशीचा विचार सोडून द्यावा. उलट पक्षी हा पतंग टोमॅटो, बटाटा, वांगे या वर्गाबाहेर फारसा जात नाही, म्हणून मेथीच्या किंवा काकडीच्या पानातल्या रेषेचे खापर त्याच्या माथी फोडण्याचे कारण नाही. झाडाची साक्ष उपयोगी पडते ती अशा ठिकाणी.

लिंबाच्या कोवळ्या पालवीवर दिसणाऱ्या चंदेरी रेषाही पतंगाच्या अळीच्याच. तिच्या भुयाराच्या मधोमध एक काळी सलग रेघ जाते आणि शेवटी अळी पानाची कड दुमडून तिच्यात कोष करते. पालवी जून झाली की तिचा उपद्रव आपोआप थांबतो; फक्त जेथे खैऱ्या रोग आहे तेथे त्या जखमांतून तो वाढतो, एवढे लक्षात ठेवावे.

आता कोषाची गोष्ट. आणि माझ्या मते ओळखीच्या सगळ्या कामात जर कोठे थोडा अधिक वेळ घालवावयाचा असेल तर तो येथे घालवावा. ट्रायफोलीची अळी पूर्ण वाढली की पानाला चीर पाडून बहुधा सकाळच्या वेळी बाहेर येते, जमिनीवर पडते आणि मातीच्या वरच्या थरात शिरून कोष करते. ज्यांनी वाफ्यावर मल्चिंगचा कागद अंथरलेला आहे त्यांना हे दृश्य फार सुलभ आहे, कारण अळीला मातीत शिरता येत नाही आणि तिचे पिवळट-तपकिरी, लंबगोल, दोन मिलिमीटरांच्या आतबाहेरचे कोष कागदाच्या घडीत आणि खळग्यांत राजगिऱ्यासारखे साठलेले दिसतात. याच्या उलट वाटाण्यावर आणि मोहरीवर थंडीच्या दिवसांत येणारी जी दुसरी भुयारी माशी आहे, क्रोमॅटोमायिया हॉर्टिकोला, तिची अळी पान सोडीतच नाही. भुयाराच्या शेवटच्या टोकाला, बहुधा पानाच्या खालच्या अंगाला, ती आतल्या आतच कोष करते आणि श्वासोच्छ्वासासाठी कोषाची दोन बारीक शिंगे तेवढी त्वचेतून बाहेर काढून ठेवते. पुरंदरच्या बाजूला वाटाण्याचे पीक घेणाऱ्या मंडळींनी पान उलटे करून भुयाराच्या शेवटावरून बोट फिरवले तर एक टणक गाठ बोटाला लागेल. ती गाठ म्हणजेच कोष. शेवंतीसारख्या पिकावर या दोन्ही माशा येऊ शकतात, आणि तेथे झाडाचे नाव काहीच सांगत नाही. कोष पानात की पानाबाहेर, या एका प्रश्नावर निवाडा होतो. तो निवाडा नुसता पांडित्याचा आहे असे मात्र कोणी समजू नये. जिचा कोष मातीत असतो तिच्यासाठी पीक निघाल्यावर जमीन उलथून उन्हात तापविण्याला अर्थ आहे. जिचा पानात असतो तिच्यासाठी पाने गोळा करून पुरण्याला अर्थ आहे.

प्रौढ माशी पाहावयाची असेल तर तिच्या मागे धावू नये. ती आपल्याकडे येईल अशी तजवीज करावी. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी, तळाशी बोटभर ओलसर बारीक वाळू किंवा टीपकागद घालावा, जिवंत अळी असलेली पाच-सहा पाने त्यात ठेवावी, तोंडाला मलमलीचे फडके बांधून बरणी सावलीत ठेवावी. पाणी साचू देऊ नये. बुरशी आली की सगळा खटाटोप वाया जातो. अळ्या दोन-चार दिवसांत बाहेर पडून कोष करतील, आणि उबदार दिवसांत साधारण आठ-दहा दिवसांनी, थंडीत आणखी उशिराने, फडक्याच्या खालच्या बाजूला माशा बसलेल्या दिसतील. ट्रायफोलीची माशी जेमतेम दोन मिलिमीटरांची असते. डोके पिवळे, पाठ मळकट राखी-काळी, तिला चकाकी नाही, आणि पाठीच्या मागच्या टोकाला पिवळा ठिपका. तिचीच सख्खी बहीण शोभेल अशी लिरिओमायझा सटायव्ही हीही आपल्या देशात नोंदलेली आहे. तिची पाठ चकचकीत काळी असते. वाटाण्यावरची माशी एकंदरीत राखी-काळपट दिसते. येथपर्यंत भिंगाने पोहोचता येते. यापुढे जातीचा छडा लावण्यासाठी नर माशीच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते, आणि ते काम तज्ज्ञाचेच आहे. तेथे आपण हौसेने घुसू नये.

बरणीतून कधीकधी माशीऐवजी तिच्याहूनही लहान, हिरव्या-निळ्या धातूसारखी झळाळी असलेले, चार पंखांचे कीटक बाहेर येतात, आणि पाहणारा बुचकळ्यात पडतो. हे गांधीलमाशीच्या वर्गातले परोपजीवी कीटक. त्यांची मादी पानाच्या त्वचेवरून चालत भुयारातली अळी हुडकून काढते आणि तिच्यावर किंवा तिच्या अंगात आपले अंडे घालते. पुढे त्या अंड्यातून निघालेले पिलू नागअळीला खाऊन वाढते. ज्या शेतातून आणलेल्या पानांतून माशा थोड्या आणि हे कीटक अधिक निघतील, त्या शेताच्या मालकाने फवारणीचा बेत तूर्त रहित करावा, असे मी निःसंकोचपणे सांगेन. भुयारातली अळी पानाच्या दोन त्वचांच्या आड सुरक्षित असते, तिच्यापर्यंत बहुतेक स्पर्शजन्य औषधे पोहोचत नाहीत. पानावर उघड्यावर हिंडणारा हा आपला पाठीराखा मात्र पहिल्या फवाऱ्यातच बळी पडतो. वारंवार जहाल औषधे मारलेल्या प्लॉटमध्येच नागअळी सर्वांत अधिक का माजते, याचे उत्तर पुष्कळ अंशी येथे आहे. शिवाय एकच औषध पुन्हा पुन्हा मारल्याने ते पचविणाऱ्या पिढ्या तयार होतात, आणि शेवंती-जरबेराच्या व्यापारातून जगभर फिरलेल्या या माशीने तो धडा फार पूर्वीच गिरविलेला आहे.

ओळख पटल्यावर काय करावे, हा निराळ्या लेखाचा विषय होईल. तरी थोडे सांगतो. फळभाजीच्या वाढलेल्या झाडाला खालच्या पानांवरच्या काही रेषांनी उत्पन्नाचा मोठा तोटा होत नाही. मेथी-पालकासारख्या पालेभाजीची गोष्ट वेगळी, कारण तेथे पान हाच माल आहे आणि रेषा दिसली की आडतीवर भाव पडतो. कोवळ्या रोपांचीही गोष्ट वेगळी, कारण तेथे गमवायला पानेच थोडी असतात. आरंभीच भुयारे पडलेली खालची पाने खुडून पुरून टाकावी, बांधावर फेकू नयेत. पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीला लावले तर माशीची हालचाल कळते. ट्यूटासाठी मात्र पिवळ्या सापळ्यांवर भिस्त ठेवू नये, तिच्यासाठी कामगंध सापळे लागतात, आणि ते लावून नागमाशी पकडली जात नाही. नत्राचा डोस हात सैल सोडून देण्याची जी खोड आपल्या बागायतदारांना लागली आहे ती या माशीच्या पथ्यावर पडते, हेही नमूद करून ठेवतो. निंबोळी अर्क पाच टक्के हा घरचा उपाय वेळीच केला तर गुणकारी आहे: पाच किलो निंबोळ्यांची भरड नऊ-दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून घ्यावी, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून तीत मिसळावा आणि एकंदर द्रावण शंभर लिटर करून त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारावे. बाजारचे औषध घेणे भागच पडले तर डब्यावरच्या कागदात आपल्या पिकाचे आणि आपल्या किडीचे नाव छापलेले आहे का, आणि फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबावे लागते, ते दुकानातच वाचून पाहावे. दुकानदाराच्या तोंडी भरवशावर सोडू नये.

ज्यांना जातीची पक्की खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनी नमुना नीट तयार करून न्यावा. मोबाइलवरच्या छायाचित्राने भुयार दिसते, माशीची जात ठरत नाही. भुयार पडलेली दोन-तीन पाने वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी. बरणीतून निघालेल्या माशा, नर आणि मादी दोन्ही, सत्तर टक्के अल्कोहोल भरलेल्या लहान कुपीत घालाव्या. रिकामे कोषही टाकून देऊ नयेत. सोबत शिसपेनीने लिहिलेली चिठ्ठी असावी, कारण शाईची अक्षरे अल्कोहोलमध्ये विरघळतात. तीत पिकाचे आणि वाणाचे नाव, मौजे, तालुका, पान खुडल्याची तारीख, माशी निघाल्याची तारीख, आणि कोष पानात सापडला की बाहेर, एवढा तपशील असला म्हणजे पुरे. हे सामान आपल्या कृषी सहायकामार्फत, किंवा थेट नारायणगावच्या अथवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील कीटकशास्त्र विभागाकडे किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे नेता येते. नेण्यापूर्वी त्या शेतात निदान एक पट्टा विनाफवारणीचा राखून ठेवावा; नमुना पुन्हा मागितला गेला, तर तो तेथूनच मिळेल.